नीरेकाठचा गाळ

उपासना संपल्यावर पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी हात सोडलाच नाही. म्हणाले, "सिस्टर, पुण्याहून मिशनची टीम येतेय. इंदापूरच्या बाजूला, नदीकाठी, घरांतला गाळ काढायला. आपल्या मंडळीतूनही पाच-सहा जण हवेत. तुम्ही नर्स आहात, तुमची गरज पडेल."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. सरकारी दवाखान्यातली माझी नोकरी संपून वर्षही झालं नव्हतं. इतकी वर्षं लोकांची दुखणी बघून मन निबर झालं होतं. कुणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली तरी अंगावर यायचं. पण पाळकसाहेब स्वतः सत्तरीला टेकलेले, दोन्ही गुडघे गेलेले. ते जाणार आणि मी घरात बसणार, हे काही जमेना. "येते," म्हटलं आणि चपला घातल्या.

त्या वर्षी पाऊस जाता जाता कोसळला होता. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, भीमा तुडुंब झाली आणि नरसिंहपूरला संगमावर तिनं नीरेला पुढं सरकूच दिलं नाही. नीरेचं पाणी मागं फुगलं ते काठच्या गावांत शिरलं. बारामतीत आम्ही ते मोबाइलवर बघितलं. आमच्याकडं कॅनॉल नेहमीसारखा शांत वाहत होता.

रोज सकाळी चर्चसमोरून टेम्पो निघायचा. पुण्याची मंडळी आणि आम्ही, सगळे मागं हौद्यात, मध्ये फावडी, घमेली, ब्लिचिंग पावडरीच्या गोण्या. अंथुर्णं गाव मागं पडलं की ऊस लागायचा, आणि पुढं नदीच्या अंगाला वळलो की तो ऊस आडवा पडलेला दिसायचा, सगळा एकाच दिशेला झोपवल्यासारखा, अंगावर करडा चिखल वाळलेला. टीमचा लीडर पुण्यातल्या कंपनीत इंजिनिअर होता. तिशीचा, सुटी टाकून आलेला, सरळ माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "पत्रकं वाटायची नाहीत. उपदेश नाही. कुणाचे फोटो काढायचे नाहीत. कुणी विचारलं तर आपण कोण ते खरं सांगायचं, नाही तर हातातलं काम करायचं." मला ते बरं वाटलं. बोलायची ताकद माझ्यात तशीही नव्हती.

टेम्पोत रोज एकानं प्रार्थना करायची असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले आणि "प्रभू, आजचा दिवस..." एवढं म्हणून थांबले. पुढं शब्दच येईनात. टेम्पो खड्ड्यातून गेला, घमेली खणखणली, आणि कुणीतरी माझ्यासाठी "आमेन" म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांपासून माझी प्रार्थना अशीच अर्ध्यात अडत होती. मी ते कुणाला बोलले नव्हते.

गावात आम्हाला पहिलं घर मिळालं ते एका बाईंचं. माझ्याच वयाच्या असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन मुलं चाकणला कंपनीत. पूर आला तेव्हा पोरं धावत आली, आईला उचलून वरच्या वस्तीवर ठेवलं, आणि सुटी संपली तशी परत गेली. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. आत गुडघाभर गाळ. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. बाई दारातल्या दगडावर बसल्या होत्या, पदर खोचलेला, हातात खराटा. त्या खराट्यानं काय होणार होतं!

आम्हाला बघून त्यांनी विचारलं, "तुमी कुठल्या पक्षाचं?"

"पक्षाचे नाही, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "आम्ही चर्चची माणसं. ख्रिस्ती."

बाईंनी आमच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "फावडी हायती का?"

"आहेत."

"मंग या की."

गाळ उपसणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तो दह्यासारखा असतो, फावड्यावरून घसरतो. दुसऱ्या दिवशी कणकेसारखा होतो, फावड्याला चिकटतो. ऊन पडलं की वरून वाळतो, आत ओलाच राहतो, आणि वास सोडतो. बाईंच्या कणगीत ज्वारी होती. ती भिजून, मोड येऊन, आंबून दारूसारखी घमघमत होती. ती बाहेर काढताना टीममधल्या एका मुलीला ओकारी आली. बाईच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "व्हतंय, व्हतंय. पयल्या दिशी मलाबी झालं."

दुपारपर्यंत माझी कंबर धरली. लीडरनं ते बघितलं आणि मला सावलीत औषधाची पेटी देऊन बसवलं. गावात सगळ्यांचे पाय सडलेले होते. चिखलात उभं राहून राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचांना काचा लागलेल्या, जखमांत माती गेलेली. मी बादलीत पाणी घेऊन एकेकाचे पाय धुवायचे, पुसायचे, मलम लावायचे. बाईंनी हे बघितलं आणि विचारलं, "दवाखान्यात व्हता व्हय तुमी?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्या मला 'शिस्टर' म्हणायला लागल्या, आणि त्यांचं ऐकून सगळं गाव.

संध्याकाळी परतताना पाळकसाहेब हळूच म्हणाले, "सिस्टर, प्रभूनंही शिष्यांचे पाय..."

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "आज नको."

 नंतर सगळ्या रस्त्यात त्यांनी फक्त पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

दिवस असेच गेले. बाईंची पुढची खोली मोकळी झाली. शेजारची घरं झाली. एक मोठं घोंगडं गाळात रुतलं होतं, ते ओढून काढायला चौघं लागले. बाईंच्या सासऱ्यांच्या काळात घरात मेंढरं होती. हे त्या मेंढरांच्या लोकरीचं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही ते हापशावर नेऊन धूत बसलो. धुतलं तरी करडं पाणी निघतच होतं. शेवटी बाईच वैतागल्या. "ऱ्हाऊ द्या आता. घोंगड्यापरीस नदीच जास्त निघाया लागली," म्हणाल्या, आणि ते तसंच कुंपणावर टाकलं.

बाईंचे थोरले दीर गावातल्या बिरोबाच्या देवळाचे पुजारी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. देऊळ ओढ्याकाठी, सखल जागेत. त्यात घरांपेक्षाही जास्त गाळ साचला होता. गावातला जो तो आपापल्या घराला जुंपलेला, त्यामुळं आबा रोज सकाळी दांडा मोडलेलं एक फावडं घेऊन एकटेच तिथं खणत बसायचे. आम्ही येता-जाता बघायचो. एका दुपारी आम्ही भाकरी खायला बसलो असताना ते आले, लांबच उभे राहिले.

"पाव्हणं, एक इचारू का?"

"बोला ना आबा," पाळकसाहेब म्हणाले.

"घरांचं झालं की देवळाकडं दोन फावडी लावाल का? माझ्यानं एकट्यानं व्हईना."

एवढंच म्हणून ते उत्तराला न थांबता निघून गेले. आमच्या मात्र भाकऱ्या हातातच राहिल्या.

लीडर म्हणाला, "आपण घरं साफ करायला आलोय. हे वेगळं आहे. उद्या कुणी काही म्हटलं तर?" आमच्या मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या, "मी देवळात पाऊल टाकणार नाही. मला कुणाचा राग नाही, पण माझं मन घेणार नाही." त्यांचं बोलणं खरं होतं. त्या कधी खोटं बोलत नसत. दुसऱ्या एकानं विचारलं, "आणि गाव बुडालेलं असताना देऊळ तेवढं सोडायचं?" असं बराच वेळ चाललं. पाळकसाहेब ऐकत होते. मग एकदम माझ्याकडं वळले. "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटत काहीच नव्हतं. मी इतकी दमले होते की दोन्ही बाजू मला सारख्याच लांब दिसत होत्या. मी म्हटलं, "गाळ तो गाळ. मला एवढंच कळतंय."

पाळकसाहेब उठले. गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू देवळाकडं चालत गेले. मीही मागं गेले, कारण उतारावर ते घसरतील अशी धास्ती होती. आबा खणत होते. पाळकसाहेब म्हणाले, "आबा, आम्ही आलेलं तुम्हाला चालेल का? आम्ही दुसऱ्या धर्माचे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतका वेळ आम्ही आपलंच मन तपासत बसलो होतो. त्यांना विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आबांनी फावडं टेकवलं. "चालंल का म्हंजी? आवो, हितं गाभाऱ्यात रेडकू मरून पडलं व्हतं. वाहून आलेलं. त्याला देवानं न्हाय म्हटलं न्हाय. तुमी तर चालत आलाय."

पाळकसाहेब हसले. त्या सगळ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच मोकळं हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही देऊळ घेतलं. आबांनी स्वतः आत जाऊन देव बाहेर काढले, ओल्या धोतरात गुंडाळले आणि बाभळीखाली पाटावर ठेवले. मग ते उंबऱ्यातून म्हणाले, "हं, आता या." लीडर सगळ्यात आधी आत शिरला, रात्रभर विचार करून आला असावा. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि आतून आलेलं प्रत्येक घमेलं त्यांनी झेललं, ओढ्याकडं नेऊन ओतलं. दिवसभर. उंबरा त्यांनी ओलांडला नाही आणि घमेलंही एक चुकवलं नाही. संध्याकाळी फरशी दिसली. आबांनी तिच्यावर पाणी मारलं, आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

गावातल्या कुणीतरी आमचा व्हिडिओ काढला होता. चांगल्या मनानंच काढला असेल. पण तो फिरला.

पुढच्या सकाळी आम्ही पोचलो तर शाळेपाशी मोटारसायकली उभ्या. माणसं गावातली नव्हती. त्यांनी लीडरला घेरलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. आवाज मात्र चढलेला होता. देवळात ही माणसं कशाला घुसली, कुणी बोलावलं, गावाला बाटवायचा बेत आहे का, असं चाललं होतं. आबा मध्ये पडले. "मी बोलावलं! म्या!" छातीवर हात आपटत म्हणाले. "तुमी कुठं व्हता? पाणी आलं तवा कुठं व्हता? गाळ साचला तवा?" एकानं त्यांना, "आबा, तुमी भोळं हाय," असं म्हटलं. आबांना धाप लागली. मी त्यांना धरून खाली बसवलं. नाडी बघितली. फार जोरात पळत होती.

गाव गोळा झालं. काही आमच्या बाजूनं बोलले, काही गप्प राहिले. गप्प राहणाऱ्यांवर मला राग आला नाही. त्यांच्या अंगातही काही शिल्लक नव्हतं. पुरानं खाल्लेल्या माणसाला भांडण परवडत नाही. शेवटी सरपंच पुढं आले, हात जोडले. "तुमी लई केलं. पण आता गावाला ताप नको. तुमी आज निघा, एवढं ऐका."

लीडर "बरं" म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं? आम्ही फावडी धुतली, टेम्पोत भरली. खरं म्हणजे मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं. उद्या उठायचं नाही, हा विचार पाण्याच्या घोटासारखा गार वाटला.

टेम्पो सुरू होताना बाई आल्या. त्या निरोप द्यायला आल्यात असं मला वाटलं. त्या माझ्याजवळ आल्या, हौद्याची फळी धरली, आणि एवढंच म्हणाल्या, "शिस्टर, मागची खोली ऱ्हायली."

तक्रार म्हणून नाही. राहिली, ते सांगितलं.

पुण्याची टीम दुसऱ्या तालुक्यात गेली. मी घरी आले. गरम पाण्यानं अंघोळ केली, नखांतली माती टाचणीनं काढली. टीव्ही लावला. दोन-तीन दिवस असेच गेले. भांडी घासताना, दूध तापवताना बाईंचं ते वाक्य कानात यायचं. मला चीड यायची. बाईंची नव्हे, त्या खोलीची. तालुक्यात शेकडो खोल्या गाळात होत्या, आणि मला ही एकच चिकटली होती.

शेवटी मी पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, "मी उद्या एसटीनं जाऊन येते. कुणाला सांगू नका."

पलीकडून पाळकसाहेब खाकरले. मग म्हणाले, "मी परवा जाणार होतो. बायकोला नरसिंहपूरला ओळखीचं कुणी आजारी आहे म्हणून सांगितलंय."

"पाळक असून खोटं?"

"आता नर्स बरोबर असली तर निदान निम्मं खरं वाटेल."

तसे आम्ही दोघं निघालो. दोन म्हातारी माणसं, पिशवीत डबा, एक फावडं पोत्यात गुंडाळलेलं. फाट्यावर उतरून चालत गेलो. वाटेत लोकांनी ओळखलं, मान हलवली, कुणी काही विचारलं नाही. दोन म्हाताऱ्यांची टीम होत नाही, हे त्यांनाही कळत असावं.

बाई दारातच होत्या. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं की नाही, सांगता येत नाही. "चा टाकते," म्हणाल्या.

"आधी खोली दाखवा," मी म्हटलं.

मागच्या खोलीतला गाळ आता वाळून विटेसारखा झाला होता. त्याला मोठमोठ्या भेगा पडलेल्या. फावडं आपटलं तर हाताला झिणझिण्या आल्या. आबांना कुठून कळलं कोण जाणे, ते कुदळ घेऊन आले. ते कुदळीनं फोडायचे, मी आणि बाई ढेकळं घमेल्यात भरायच्या, पाळकसाहेब घमेलं उंबऱ्यापर्यंत सरकवायचे. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून ते एका पाटावर बसून पायानं ढकलायचे.  मध्येच आबा थांबायचे, धापा टाकायचे, परत सुरू करायचे. मी त्यांना दम घ्यायला सांगितलं तर म्हणाले, "शिस्टर, तुमचं त्वांड बघा आरशात, मंग मला सांगा."

एका दिवसात झालं नाही. आम्ही परत गेलो, आणि मग आणखी एकदा गेलो. खोलीत फार काही निघालं नाही. जातं निघालं, ते दगडाचं, त्याला काय होणार. एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यातल्या साड्या कुजून एकमेकींत मिसळल्या होत्या. बाईंनी वरची एक उचलून बघितली, ती हातातच फाटली. त्यांनी पेटी तशीच उचलली आणि बाहेर उपडी केली.

"लग्नातली व्हती एक," त्या म्हणाल्या. मग लगेच, "आता कुठं नेसणार व्हती मी!"

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात चिखलानं भरलेला होता, म्हणून नुसती जवळ उभी राहिले. त्याही तशाच उभ्या राहिल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी खोली रिकामी झाली. बाईंनी खाली पाणी मारलं, खराट्यानं लोटलं, वर ब्लिचिंगची पावडर टाकून परत धुतलं. भिंतींची ओल जायला महिने लागणार होते, पण जमीन जमिनीसारखी दिसत होती. आबा कुदळ खांद्यावर टाकून घरी गेले. पाळकसाहेब एसटी थांबवायला आधीच फाट्याकडं निघाले. त्यांना चालायला वेळ लागतो. बाईंनी पुढच्या खोलीत पोतं अंथरलं आणि म्हणाल्या, "चा हुईस्तोवर टेका जरा."

मी भिंतीला टेकले. स्टोव्हचा आवाज येत होता. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. चहा उकळल्याचा वास आला, एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या अंगावर बाईंची साडी पांघरलेली होती. चहाचा कप शेजारी, वर बशी झाकलेली, चहा गार झालेला. आणि दारात दगडावर पाळकसाहेब बसले होते, बूट काढून, पाय लांब करून. बाई त्यांच्यासमोर शेंगा सोलत होत्या.

मी दचकून उठले. "एसटी?"

"गेली," पाळकसाहेब म्हणाले. "मी थांबवली होती. कंडक्टर म्हणाला, दुसरं माणूस कुठंय? मी म्हटलं, येतंय. तो म्हणाला, मग या मागनं."

"मला उठवायचं नाही का, बाई?"

"म्या उठवणार व्हते," बाई शेंगांवरून मान न उचलता म्हणाल्या. "पर हे म्हणलं, ऱ्हाऊ द्या. सांजच्याला आणिक एक हाय."

त्यांनी सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले. मी दारात येऊन पाळकसाहेबांच्या शेजारी बसले.  दाणे ओलसर होते, किंचित मातीचा वास असलेले. आम्ही ते संपेपर्यंत खात बसलो, मग बाई उठून भाकरी थापायला आत गेल्या.